रूढीचे कुंपण आणि एक चित्रकार

मुलाने वडिलोपार्जित गादीवर बसावे, यापलीकडे ज्यांची दृष्टी जात नाही अशा गृहस्थांनी कामीय पिसारो या फ्रेंच निसर्गचित्रकाराचे चरित्र अवश्य मनन करावे.

पिसारोचा जन्म १८३० साली वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावर एका यहुदी व्यापाऱ्याच्या घरी झाला. बापाने नात्यातील एका विधवेशी विवाह केला होता. तेवढ्यावरून तेथील यहुदी पंचांनी तो विवाह कित्येक वर्षे अमान्य ठरविला. विधवाविवाहाचा छळ आमच्याच देशी होतो असे नव्हे! मुलगा वयात येताच दुकानी लागला. पण बंदरावर माल मोजतानाही त्याचा हात चित्रे रेखाटीत असे. अखेर १८५२ साली एका डॅनिश चित्रकाराबरोबर तो व्हेनेझुएलास निघून गेला आणि १८५५ साली पॅरिसला पोहोचला.

तेथे वयोवृद्ध कोरोने त्यास निसर्गासमोर बसून चित्रे काढण्याचा उपदेश केला. त्या काळी चित्रकार बाहेर टिपणे करीत व चित्र घरी पुरे करीत. पिसारो मात्र पुष्कळदा उघड्यावरच चित्र पुरे करी. पौराणिक वीरांऐवजी नांगरलेली जमीन, बाजारची वाट व राबणाऱ्या शेतकरणी त्याने रंगविल्या. ही चित्रे सरकारी प्रदर्शनाच्या पंचांस अनेकदा गावंढळ वाटली.

१८७० च्या युद्धात तो लंडनास गेला असता प्रशियन सैनिकांनी त्याच्या घरात तळ दिला. परत येऊन पाहतो तो सुमारे दीड हजार चित्रांपैकी चाळीसच शिल्लक! तरी तो खचला नाही. १८७४ साली मोने आदि मित्रांसह त्याने स्वतंत्र प्रदर्शन भरविले. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. त्या सर्वांत भाग घेणारा तो एकटाच. सेझान व गोगँ यांसही त्याने मार्ग दाखविला.

या निष्ठेचे मोल त्याची पत्नी ज्युली हिनेही मोजले. ती त्याच्या आईच्या घरची मोलकरीण. म्हणून घरच्यांस हा संबंध रुचला नाही. कर्ज आणि मुलेबाळे यांचा भार वाहून तिने संसार रेटला. त्यास वारंवार आधार दिला तो द्युराँ-र्‍युएल या व्यापाऱ्याने. जग हसत असता त्याने ही चित्रे विकत घेतली. उतारवयात नेत्रविकाराने बाहेर बसणे अशक्य झाले, तेव्हा खिडकीतून पॅरिसचे रस्ते रंगवीत पिसारोने १९०३ साली देह ठेवला.

व्यापार गुणांचा वैरी नव्हे. वैरी आहे तो हट्ट. हिशेबाच्या वहीत मुलाने काढलेले झाड सापडले, तर ते पान फाडण्यापूर्वी बापाने क्षणभर विचार करावा, इतकेच आमचे मागणे आहे.