बाबासाहेबांचा दिवस

परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेविषयी आणि चळवळीविषयी आपल्या विहारात वर्षभर बोलले जाते. हा महामानव दिवसाचे तास कसे वापरत होता, कोणते काम आधी घेत होता आणि कोणते मागे ठेवत होता, याविषयी मात्र फारसे नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

सुरुवात सुभेदार रामजीबाबांपासून करायला हवी. परळच्या चाळीतली ती खोली. तिथेच चूल, तिथेच जाते, तिथेच सगळ्यांची झोप आणि तिथेच पोराचा अभ्यास. संध्याकाळी गलका एवढा, की पुस्तक उघडून उपयोग नाही. रामजीबाबांनी तोड काढली. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून आपण अंग टाकायचे. जागा वाढवणे हातात नव्हते, वेळ बदलणे होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यात या जागरणाचा वाटा केवढा! आमच्या वस्तीतल्या आईबापांनी हा भाग दोनदा वाचावा.

पण बाबासाहेब जन्मतःच शिस्तीचे होते असे कुणी समजू नये. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथले पहिले काही महिने मित्रमंडळींत, खेळात, गप्पांत गेले, असे चरित्रकार सांगतात. मग त्यांचे त्यांनाच उमगले, की घरची माणसे पोटाला चिमटा घेऊन वाट बघताहेत आणि शिष्यवृत्तीची मुदत संपत चालली आहे. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वेगळेच.

१९२० साली दुसऱ्यांदा लंडन गाठले, ते प्राध्यापकीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांच्या जोरावर. पैसा मोजका, म्हणजे दिवसही मोजकेच. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचे दार उघडले की आत, बंद झाले की बाहेर. दुपारचे जेवण बहुधा टाळायचे. त्यात पैसेही वाचत आणि तासही. रात्री खोलीवर पुन्हा पुस्तक. १९२३ पर्यंत एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी, तिन्ही पदरात. उपाशीपोटी अभ्यास करा असे आम्ही कुणाला सांगत नाही, बरं का. त्या कष्टांची किंमत पुढे त्यांच्या शरीराने मोजलीच.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना मसुदा समिती नेमली गेली आणि ते अध्यक्ष झाले. कायदामंत्रिपद होतेच. समितीतले कुणी वारले, कुणी राजीनामा दिला, कुणी परदेशी, कुणी आजारी. बराचसा भार एकट्यावर आला, मधुमेहाने पाय दुखत असताना. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर झाली.

आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती शेवटच्या वर्षांतली निवड. टेबलावर अनेक ग्रंथ अर्धवट होते. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती होता, बुद्ध आणि कार्ल मार्क्स होता. दृष्टी अधू झालेली, चालायला आधार लागे. सगळे पुरे होणार नाही हे दिसत होते. अशा वेळी त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुढे घेतला. सचिव नानकचंद रत्तू दिवसाची नोकरी करून यायचे आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना दीक्षा दिली. दीक्षा घेतलेल्या माणसाच्या हाती धम्माचा ग्रंथ नको का? बाकीचे लेखन मागे पडले. त्यातले बरेचसे महाराष्ट्र शासनाने १९८७ साली छापले, तेही अपुऱ्या स्थितीत.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी त्यांनी याच ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय उशाशी मागवून घेतला. ६ डिसेंबरच्या सकाळी ते गेल्याचे कळले. ग्रंथ १९५७ साली मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने प्रसिद्ध केला. आपल्या विहारात वर्षावासात वाचला जातो तो हाच.