रावबहादूर तालमकी : मालकही आणि भाडेकरूही

आपल्या वार्षिक सभेत एक वाद ठरलेला असतो. पैसे मोजून घर घेतलंय, मग गॅलरी बंद करायला कमिटीची परवानगी कशाला? अशा वेळी मला रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी आठवतात. बँकेत असताना हे नाव पहिल्यांदा कानावर आलं.

तालमकी चित्रापूर सारस्वत समाजातले. हा समाज नोकरीधंद्यासाठी कारवारकडून मुंबईत आला. १९०६ साली तालमकींनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली; तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. पण खरी नड घरांची. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी केली आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली.

तिथली अट आजच्या माणसाला पचणार नाही. इमारत संस्थेच्या मालकीची, सभासदाने शेअर घ्यायचे आणि संस्थेलाच भाडं भरायचं. म्हणजे सगळे मिळून मालक, एकेकटा मात्र भाडेकरू. त्यामुळे भाडं वाढवणारा घरमालकच उरला नाही, आणि घर परस्पर विकून नफा काढायची सोयही नाही.

सभासदत्व मात्र जातीपुरतं होतं, ते मला पटत नाही. आपण बार्शीकरांनी ती अट घातली नाही हे बरं केलं.

तेव्हा गॅलरीचा अर्ज आधी कमिटीकडे द्या, गवंडी मग बोलवा.