सहा महिन्यांची तीन वर्षं: जॉन बॅकस आणि फोरट्रान

मॅनेजरने 'रिलीज कधी?' विचारलं, की मी सवयीने 'दोन आठवडे' सांगून मोकळा होतो. मग जॉन बॅकस आठवतात.

१९२४ साली अमेरिकेत जन्मलेले बॅकस १९५० मध्ये आयबीएममध्ये लागले. तेव्हा प्रोग्रॅम थेट मशीनच्या भाषेत लिहायचे. फार वेळखाऊ काम! १९५३ च्या शेवटी त्यांनी साहेबांना सुचवलं: आपण गणितातल्या सूत्रांसारखं लिहू, मशीन कोड कंपायलर बनवेल.

कधी होईल? सहा महिन्यांत. पुढच्या वेळी विचारलं, तरी सहा महिनेच!

भाषा ठरवणं त्यामानाने सोपं होतं. पण कंपायलरचा कोड हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान नसेल, तर कोणी ढुंकूनही बघणार नाही, हे बॅकस ओळखून होते. टीमचा खरा वेळ तिथे गेला. मॅन्युअल १९५६ मध्येच आलं, पण फोरट्रान लोकांच्या हातात पडलं ते एप्रिल १९५७ मध्ये. बग्ज त्यानंतरही निघाले, टीम ते दुरुस्त करत राहिली.

१९७७ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, २००७ मध्ये ते गेले. हवामानाची मॉडेल्स आजही फोरट्रानवर चालतात.

म्हणून आता तारीख सांगण्याआधी मी स्वतःला विचारतो: लोक यावर विसंबतील का?