ओलीस राहिलेले दासोपंत

दत्तजयंतीच्या पुण्यपर्वावर आम्ही अंबाजोगाईच्या दासोपंतांचे स्मरण करीत आहोत. त्यांचा जन्म शके १४७३ मध्ये नारायणपेठेस झाला. दुष्काळात वडील दिगंबरपंतांकडून सारा थकला, तेव्हा बीदरच्या बादशहाने मुलास ओलीस ठेवून, महिन्यात भरणा न झाल्यास त्यास बाटविण्याचे ठरविले, असे चरित्रकार सांगतात. दत्ताजी पाडेवाराच्या वेषात श्रीदत्तानेच ती रक्कम भरली, अशी श्रद्धा आहे. पुढे अंबाजोगाईस पंतांनी ‘गीतार्णव’ रचला, पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले आणि शके १५३७ मध्ये तेथेच देह ठेवला.

स्पेनमध्ये १४९२ साली यहुद्यांपुढे धर्मांतर वा देशत्याग, एवढेच पर्याय होते. बाटलेल्यांतील कित्येकांनी घरात गुप्तपणे शब्बाथ पाळला. ते यहुदीच काय, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या राहिला. पंतांचा भरणा चुकता, तर आम्ही त्यांस आपले म्हटले असते काय?