बाबासाहेब, साधू-महंत आणि लेकीचा वाटा



परमपूज्य बाबासाहेबांचं चरित्र आपल्या घराघरात ठाऊक आहे. १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन, पुढे देशाची घटना. पण त्यांनी मंत्रिपद का सोडलं, हे पोरांना विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यातून सप्टेंबर १९४८ मध्ये सुटला. त्या काळात कायदामंत्री बाबासाहेब दिल्लीत हिंदू कोड बिलासाठी झटत होते. बापाच्या मालमत्तेत लेकीला वाटा, विधवेला पूर्ण हक्क, नवऱ्याला एकच बायको, जाचातून सुटायला घटस्फोट, असं ते बिल होतं.

झालं! धर्म बुडाला म्हणून साधू-महंत खवळले. रामराज्य परिषदेचे स्वामी करपात्री त्यात पुढे होते. अस्पृश्य जातीतल्या माणसाने शास्त्रात हात घालावा, हेच त्यांना सहन होईना. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांचाही बिलाला विरोध होता. शेवटी सरकारने पाय मागे घेतला. बिल अडलं, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. इतर कारणंही होती, पण मोठं दुःख हेच.

हा खेळ त्यांनी इतिहासात ओळखला होता. बुद्धाचा धम्म ही क्रांती. पुष्यमित्र शुंगाने बृहद्रथ मौर्याला मारल्यावर झाली ती प्रतिक्रांती, असं त्यांनी मांडलं. ते लिखाण अपुरं राहिलं आणि महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये छापलं. स्वातंत्र्य आलं म्हणजे प्रतिक्रांती संपली असं नाही, हे दिल्लीत पुन्हा दिसलं.

१९५२ च्या निवडणुकीत ते पडले. त्यांच्या बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपूरला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झालं.

वारसाचा तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही लेकीला लेकाएवढा हक्क मिळाला. तरी भाऊ बहिणीला चोळी-बांगडी करतो आणि हक्कसोड पत्रावर सही घेतो. आपल्याच घरात असं होत असेल, तर महंतांना नावं ठेवून काय उपयोग? बाबासाहेबांनी ज्यासाठी खुर्ची सोडली, तो वाटा लेकीला आपल्या हाताने द्यावा. विहारातलं खरं वंदन तेच.

नमो बुद्धाय! जयभीम!