लीबिग, मांसाचा अर्क आणि तुमचं क्रिएटिन

तुम्ही मॅरेथॉन किंवा लांब पल्ल्याच्या सायकलिंगची तयारी करत असाल, तर क्रिएटिन घेण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. डबा विकत घेण्याआधी युस्टुस फॉन लीबिग यांच्याबद्दल वाचा.

कष्टाशी जोडलेला संबंध

लीबिग यांचा जन्म १८०३ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे झाला. वयाच्या २१ व्या वर्षी ते गीसेनला प्राध्यापक झाले. क्रिएटिनचा शोध मात्र त्यांचा नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्ये ते मांसातून वेगळं केलं. लीबिग यांनी १८४७ मध्ये अनेक प्राण्यांच्या स्नायूंत ते दाखवलं. शिकारीत पळून दमलेल्या कोल्ह्यांमध्ये ते पाळलेल्या कोल्ह्यांपेक्षा बरंच जास्त असल्याचंही त्यांनी नोंदवलं.

दावा आणि परीक्षा

प्रथिनं हेच स्नायूंचं इंधन, असं लीबिग मानत. १८६५ मध्ये फिक आणि व्हिस्लिसेनस हे दोन शास्त्रज्ञ प्रथिनं टाळून, पिठूळ पदार्थ, चरबी आणि साखर खाऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न डोंगर चढले. लघवीतील नायट्रोजन मोजल्यावर दिसलं, की शरीरात जळालेल्या प्रथिनांतून एवढी चढण शक्यच नव्हती. याच काळात लीबिग यांच्या नावाचा मांसाचा अर्क उरुग्वेत तयार होऊन युरोपात पौष्टिक म्हणून खपत होता. त्यात क्रिएटिन होतं, पण मांसातली प्रथिनं आणि चरबी जवळजवळ नव्हती. टीकेनंतर लीबिग यांनाही माघार घ्यावी लागली. १८७३ मध्ये म्युनिक येथे त्यांचं निधन झालं.

तुमच्यासाठी याचा अर्थ

क्रिएटिन काही सेकंदांच्या जोरकस हालचालीला ऊर्जा पुरवतं. तासन्‌तास एका गतीने धावताना मुख्य इंधन कर्बोदकं आणि चरबी हेच असतं. त्यामुळे छोटा चढ, शेवटची झेप किंवा जिममधला व्यायाम यांत फायदा होऊ शकतो. सलग धावण्याची क्षमता वाढेलच असं नाही. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत साठा कमी असल्याने त्यांना फरक अधिक जाणवू शकतो.

* निरोगी प्रौढांसाठी रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट सहसा पुरेसं असतं.
* स्नायूंत पाणी साठून वजन १ ते २ किलो वाढू शकतं. धावपटूला हे ओझं जाणवतं. म्हणून शर्यतीच्या तोंडावर पहिल्यांदा सुरू करू नका.
* स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलं उत्पादनच निवडा.
* रक्तातील क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. तपासणीआधी डॉक्टरांना कल्पना द्या, म्हणजे रिपोर्टचा चुकीचा अर्थ लागणार नाही.
* मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भवती असाल किंवा नियमित औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

लीबिग यांच्या नावामुळे अर्क पौष्टिक झाला नाही. डब्यावरच्या नावापेक्षा तुमचा आहार, सराव आणि झोप यांकडे आधी लक्ष द्या.