युद्धकाळातील बंद सभागृह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

हिवाळी अधिवेशन जवळ आले की आम्ही हिंगण्याच्या वर्गात विद्यार्थ्यांना नागपूरच्या विधान भवनाविषयी सांगतो. सभागृह भरते, प्रश्न विचारले जातात, मंत्री उत्तरे देतात, हे त्यांना स्वाभाविक वाटते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच नागपुरात निवडून आलेले सभागृह सहा वर्षांहून अधिक काळ बंद होते. मुंबईतही तेच घडले. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या मुंबई विधानसभेचे सदस्य होते. त्यांच्या चरित्रातील या पर्वाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब 1927 पासून मुंबई कायदेमंडळात होते, परंतु सरकारनियुक्त म्हणून. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि 1937 मध्ये ते मतदारांनी निवडलेले प्रतिनिधी झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या 112 जागांच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी 20 जागा राखीव होत्या; नागपूर-कामठीतून बाबू हरदास निवडून आले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चावडीची पायरी चढता आली नाही, त्यांचे प्रतिनिधी आता कायदा करणाऱ्या सभागृहात बसले होते.

बाबासाहेबांनी वेळ दवडला नाही. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाला त्यांनी सभागृहात विरोध केला आणि 7 नोव्हेंबर 1938 च्या संपात ते रस्त्यावरही उतरले. बाबू हरदासांना मात्र अल्पायुष्य लाभले. जानेवारी 1939 मध्ये त्यांचे निधन झाले.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉयांनी भारतीयांना न विचारता भारत युद्धात असल्याचे घोषित केले. ऑक्टोबरअखेरीस मुंबई विधानसभेत त्यावर चर्चा झाली. देशहित आणि अस्पृश्यांचे हित यांत संघर्ष उभा राहिला तर आपण अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहू, अशी भूमिका बाबासाहेबांनी तेथे निर्भीडपणे मांडली. स्वतःच्या हितापेक्षा मात्र त्यांनी देशहितच थोर मानले.

नोव्हेंबरमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत खेर आणि नागपुरात शुक्ल पायउतार झाले; 1935 च्या कायद्यातील कलम 93 अन्वये गव्हर्नरांनी कारभार हाती घेतला. त्या राजीनाम्यांमागे राष्ट्रीय स्वाभिमान होता, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्यांना सभागृहाचे दार नुकतेच उघडले होते, त्यांच्यासाठी ते पुन्हा मिटले. खोतीचे विधेयक तसेच राहिले. तो कायदा होण्यास 1949 साल उजाडले.

बाबासाहेब थांबले नाहीत. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवरील परिषदेत अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. प्रांतातील सभागृह बंद असले तरी आता ते केंद्रीय विधिमंडळात बोलत होते. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारे विधेयक त्यांनी 1946 मध्ये तेथे मांडले.

1946 मध्ये प्रांतिक सभागृहे पुन्हा उघडली, तेव्हा मुंबईत फेडरेशनचा एकही सदस्य निवडून आला नव्हता. संविधान सभेचे सदस्य या सभागृहांतूनच निवडले जाणार होते. स्वतःच्या प्रांताचे दार बंद झाल्याने बाबासाहेबांना जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून जावे लागले. फाळणीचा निर्णय झाल्यानंतर, जुलै 1947 मध्ये, त्याच मुंबई विधानसभेने त्यांना निवडून पाठवले.

पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या हातून संविधान आकाराला आले. राज्य विधिमंडळाच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये, असे बंधन त्यात आले. कलम 93 चा वारसा सांगणारे कलम 356 ही त्यात राहिले. मात्र ते अखेरचा उपाय म्हणूनच, शक्यतो कधीच वापरले जाऊ नये, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली होती.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपण त्यांना संविधानाचे शिल्पकार म्हणतो, तेव्हा बंद सभागृहाची किंमत जाणणारा लोकप्रतिनिधी म्हणूनही त्यांचे स्मरण करूया. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे की, सभागृह बंद पडले म्हणजे सर्वांत आधी आवाज हरपतो तो दुर्बलांचा.

जय भीम!